डेपोसमोरचं घर विकणे आहे

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत एकतीस वर्षं बसलेल्या माणसाला स्वतःचं घर विकता येणार नाही, हे त्याच्या बायकोला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्याला कळायला तीन आठवडे लागले, आणि तेही बायकोनं सांगितलं म्हणून.

सगळी गल्ली त्यांना चौकशीकाका म्हणते. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्यात दिवा नाही. त्यामुळे ते नाव पोस्टमन सोडून फारसं कुणाला ठाऊक नाही. खिडकीची काच जाड होती आणि तिला बशीएवढं भोक होतं. त्या भोकातून एक प्रश्न आत यायचा, एक उत्तर बाहेर जायचं आणि काका म्हणायचे, "पुढचे." गर्दीच्या दिवसांत दर वीस सेकंदांना एक माणूस. कुठली गाडी किती वाजता, कुठे बदलायची, कुठल्या फलाटावर उभं राहायचं, सगळं तोंडपाठ. एकदाही चुकीची वेळ सांगितली नाही, याचा त्यांना इतका अभिमान होता की निवृत्तीच्या भाषणात त्यांनी तेवढंच एक वाक्य सांगितलं आणि म्हणाले, "पुढचे."

घर डेपोच्या अगदी समोर. कामावर जायला चार मिनिटं लागत, त्यातली तीन जिना उतरायला. म्हणून तर घेतलं होतं. समोरच्या खोलीच्या खिडकीतून सगळे फलाट दिसत. निवृत्त झाल्यावरही काका सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभे राहत आणि सात-चाळीसची गाडी सात-पंचेचाळीसला सुटली की चहा कडू लागल्यासारखं तोंड करत.

घर विकायचं कारण काकूंचे गुडघे.

काकू शाळेत खेळाच्या बाई होत्या. गळ्यात शिटी, पायात पांढरे बूट. गल्लीतली निम्मी मोठी माणसं लहानपणी त्यांच्या शिटीवर मैदानाला फेऱ्या मारून आलेली आहेत आणि अजूनही त्यांच्यासमोर पाठीचा कणा ताठ करून उभी राहतात. चालायच्या तर अशा की काका बरोबर असले की त्यांना मधूनमधून पळावं लागे. त्याच बाईंचे गुडघे साठीच्या आत कामातून गेले. डॉक्टरांनी सांगितलं, "सपाट जमिनीवर काठी घेऊन हवं तेवढं चाला. चाललंच पाहिजे. पण जिना बंद म्हणजे बंद." आता तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला जिना बंद सांगणं म्हणजे आंघोळ करा पण पाण्याला हात लावू नका. इमारतीला लिफ्ट नाही. पायऱ्या त्रेसष्ट.

आठ महिने काकू वरच होत्या. त्यात दोनदा डॉक्टरांकडे जावं लागलं, तेव्हा डेपोतल्या दोन हमालांनी त्यांना खुर्चीवर बसवून खाली नेलं. दुसऱ्या वेळी वळणावर एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "जरा सावकाश, ती काय फ्रिज आहे?" काकू मोठ्यानं हसल्या. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन त्यांनी नळ सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही. काका बाहेर उभे होते. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोला रडताना त्यांनी दोनदाच ऐकलं होतं, आणि दोन्ही वेळा नळ चालू होता.

अशात काकूंच्या मावसबहिणीचा फोन आला. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरच्या घरात राहत होती. दोन खोल्या, पुढे टीचभर अंगण, अंगणाला फाटक, आणि फाटकाबाहेर पार तलावापर्यंत सपाट रस्ता. ती मुलाकडे कायमची निघाली होती. म्हणाली, "तुम्हाला हवं असेल तर दुसऱ्या कुणाला शब्द देत नाही. पण महिनाअखेरपर्यंतच. तोवर तुमच्या घराचं पक्कं करा. मग मलाही थांबता यायचं नाही." त्या दिवशी तारीख होती दोन.

पहिला आला तो एजंट. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बूट आणि बोलणं त्याहून गुळगुळीत. घरभर फिरला, खिडकी उघडली, डेपोतल्या तीन हॉर्नांनी एकदम स्वागत केल्यावर ती लावून घेतली.

"काका, डेपो हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'दळणवळणाची उत्तम सोय' म्हणायचं. गिऱ्हाइकाला आणायचं रविवारी दुपारी. गाड्या कमी असतात, खालचा शिवणकामाचा कारखाना बंद असतो. खिडक्या लावून घ्यायच्या आणि पंखा मोठा ठेवायचा."

"म्हणजे साडेपाचची गाडी सहाची म्हणून सांगायची," काका म्हणाले.

"तसं नाही हो."

"तसंच आहे."

"काका, सगळे असंच करतात."

"पुढचे," काका म्हणाले. एजंटाच्या मागे कुणीच उभं नव्हतं, तरी तो वळून बघत बाहेर पडला.

मग ठरलं, आपलं घर आपण विकायचं. मध्ये कुणी नको. दुसऱ्या गावात राहणाऱ्या लेकीनं फोनवरूनच जाहिरात टाकायचं कबूल केलं. काकांनी मजकूर सांगितला: "डेपोसमोर तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खाली शिवणयंत्रं आठ, पहिली गाडी पहाटे पाच-दहाला."

लेक म्हणाली, "बाबा, यंत्रं आणि गाडी काढते."

"का? लोकांना कळायला नको?"

"येतील तेव्हा कळेलच की."

"मग त्रेसष्ट पायऱ्या चढवून सांगायचं?"

लेकीनं ते दोन्ही काढलंच. काकांनी त्याच दुपारी डेपोच्या फलकावर स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद चिकटवला आणि त्यात सगळं होतं, शिवाय गाडीच्या वेळेखाली रेघ मारलेली होती.

लोक येऊ लागले. आणि इथेच सगळं घोडं अडलं. काकांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं. समोर आलेल्या माणसाला कुठे जायचंय ते ऐकायचं आणि त्याला बरोबर तिथे धाडायचं. समोरचा माणूस आपल्याच घरात यायला निघालाय, त्याला इथेच थांबवायचं असतं, हे त्या हाडात मुरलेल्या सवयीला कसं कळावं?

पहिलं जोडपं आलं. तरुण होतं, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. बाईनं विचारलं, "बाळ दुपारी झोपेल ना इथे?"

"छे," काका म्हणाले. "शाळेमागच्या गल्लीत जा. दुसरं फाटक, तळमजला, मागे झाड. घरमालकीण याच आठवड्यात सोडतेय. माझं नाव सांगा." आणि कागदावर नकाशासुद्धा काढून दिला. जोडपं धन्यवाद म्हणून खाली उतरलं. काकू आतून बघत होत्या. त्यांनी सोडून दिलं. पहिलाच दिवस होता.

नंतर एक गृहस्थ आले, चढताना खोकत आणि वर आल्यावरही खोकत. काकांनी त्यांना पाणी दिलं, डेपोचा धूर या खोलीत कुठल्या वेळी कुठवर येतो ते दाखवलं आणि टेकडीकडच्या वसाहतीत एक रिकामं घर आहे, तिकडे जाणारी गाडी दोन नंबर फलाटावरून सव्वा चारला सुटते, असं सांगून रवाना केलं. मग दोन बहिणी आल्या, त्यांना शिकवणीवर्गासाठी मोठी खोली हवी होती. त्यांना बाजारपेठेत पाठवलं. कुणाला गच्ची हवी होती, कुणाला गाडी लावायला जागा. काकांना गावातलं प्रत्येक रिकामं आणि रिकामं होणारं घर माहीत होतं, कारण रोज सकाळी ते सगळ्या गल्ल्यांतून फेरी मारत आणि लोक सवयीनं त्यांना सगळं सांगत. फोनवरही हेच. प्रश्न आला की वीस सेकंदांत उत्तर, आणि फोन खाली. रीतसर एक वही केली होती. तारीख, फोन नंबर, प्रश्न, कुठे पाठवलं. 'कुठे पाठवलं' हा रकाना एकदाही कोरा राहिला नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लोक परत येऊ लागले. घर घ्यायला नव्हे, आभार मानायला. ते बाळवालं जोडपं त्रेसष्ट पायऱ्या चढून आलं आणि बिस्किटांचा पुडा देऊन गेलं. बाळ दुपारी दोन-दोन तास झोपतं म्हणे. खोकणाऱ्या गृहस्थांनी टेकडीवरून फोन केला, आवाज मोकळा झाला होता. स्वयंपाकघरात बिस्किटांचे सहा पुडे जमले आणि काका सकाळी सकाळी शीळ घालू लागले. काकू कॅलेंडरासमोर उभ्या राहत.

तेवीस तारखेला एजंट परत आला. या वेळी बोलणं गुळगुळीत नव्हतं, धाप लागलेली होती.

"काका, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय."

"मी काय केलं?"

"शाळेमागचं घर माझ्याकडे होतं. टेकडीवरचं माझ्याकडे होतं. बाजारातला गाळा माझ्याकडे होता. लोक थेट मालकाकडे जातात आणि म्हणतात, चौकशीकाकांनी पाठवलं. मला आता दारात कुणी उभं करत नाही." मग खुर्चीवर बसून घाम पुसत त्यानं आवाज खाली आणला. "मी काय म्हणतो, माझ्याकडेच या. ऑफिसात तुम्हाला वेगळी जागा करतो. काच लावून घेऊ. खिडकी."

खिडकी म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला. त्यांनी क्षणभर बशीएवढं भोकसुद्धा डोळ्यांपुढे आणलं असावं. "किती वाजता उघडता ऑफिस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जा आता," काकू एजंटाला म्हणाल्या. आवाज मैदानावरचा होता. एजंट शाळेत त्यांच्या हाताखाली नव्हता, तरी उठला आणि गेला.

दार लागल्यावर काकू काठी टेकत आल्या आणि काकांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"गावातली किती घरं विकलीत तीन आठवड्यांत?"

"विकली कुठे? सांगितली फक्त."

"किती?"

"पाच," काका म्हणाले. मग खरं बोलायची सवय आडवी आली. "सहा."

"आणि आपलं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सात दिवस राहिलेत. तुम्हाला विकायचंय ना? की नाही विकायचं? नसेल तर तसं सांगा. मी खिडकीतून गाड्या मोजत बसेन. पण मला खोटी वेळ सांगू नका."

हे शेवटचं वाक्य काकांना फार लागलं. चुकीची वेळ सांगितल्याचा आरोप एकतीस वर्षांत कुणी केला नव्हता. "विकायचंय गं," ते म्हणाले. "पण येणाऱ्या प्रत्येकाला वेगळंच काहीतरी हवं असतं. त्याला हे घर कसं देऊ? हे घर कुणाच्या उपयोगाचंच नाही. आवाज, धूर, जिना. मी कुणाला फसवू?"

"आण ती वही," काकू म्हणाल्या. बायको अहो-जाहोवरून एकदम 'आण'वर आली की वाद घालायचा नसतो, एवढं काकांना कळत होतं.

काकूंनी चष्मा लावून वही पहिल्यापासून वाचली. पाचव्या पानावर थांबल्या. "ही कोण? नऊ तारीख. प्रश्न: आजूबाजूला शांतता आहे का. कुठे पाठवलं: वाचनालयामागची गल्ली."

"फोन होता. बाईंचा. सांगितलं, अजिबात नाही, समोर डेपो, खाली आठ यंत्रं. शांतता हवी तर वाचनालयामागे जा."

"मग त्या काय म्हणाल्या?"

काकांनी आठवून पाहिलं. "काहीतरी म्हणत होत्या. 'मग तर' असं काहीतरी."

"मग तर काय?"

"फोन ठेवला ना मी. उत्तर झालं होतं."

काकूंनी चष्मा काढला. "तुम्ही प्रश्न ऐकता, माणसाचं ऐकत नाही. शांतता आहे का असं विचारणाऱ्याला शांतता हवीच असते असं कुणी सांगितलं तुम्हाला? 'का विचारता?' हे कोण विचारणार?"

"खिडकीत कसं विचारणार? मागे रांग असते."

"इथे आहे का रांग?"

काकांनी मागे बघितलं नाही, पण बघावंसं वाटलं. काकूंनी फोन स्वतःकडे ओढून घेतला आणि वहीतला नंबर फिरवला.

"मी डेपोसमोरच्या घरातून बोलतेय," त्या म्हणाल्या. "माझ्या मिस्टरांनी तुम्हाला वाचनालयामागे पाठवलं होतं."

"हो," पलीकडून बाई म्हणाली. आवाज दमलेला होता. "गेले होते. विकत घेण्याआधी भाड्यानं खोली घेऊन पाहिली. फार शांत होती गल्ली. चार दिवसांत काढलं मला."

"का?"

"मी ट्रम्पेट वाजवते. शाळेत संगीत शिकवते आणि वाद्यवृंदात वाजवते. पहाटे एक तास आणि संध्याकाळी दोन, एवढा सराव रोजचा. आजवर पाच घरांतून हाकललंय मला. म्हणून आता स्वतःचं घ्यायचंय, म्हणजे निदान घरमालक तरी नको. शेजारी उरतातच. शांतता नको होती हो मला. शांतता असली की मला राहू देत नाहीत."

काकूंनी फोनवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी उगाचच वही सरळ केली.

बाई दुसऱ्याच दिवशी आली. पस्तिशीची असेल, किडकिडीत, पाठीवर काळी पेटी. काकांनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकायला सुरुवात केली. पहिली गाडी पाच-दहाला. "मी पाचला उठते," बाई म्हणाली. खालची आठ यंत्रं सकाळी नऊ ते सात. "चालतात? रोज?" तिनं असं विचारलं की जणू घराला बाग आहे म्हणून सांगितलंय. वर कुणी नाही, गच्ची आहे. शेजारच्या दाराला तीन वर्षं कुलूप आहे. बाईच्या चेहऱ्यावर हसू मावेना. काकांना मात्र हे पटेना. एवढी वाईट बातमी ऐकून आनंद होणारा माणूस त्यांनी खिडकीतून पाहिला नव्हता.

"वाजवून बघा," काकू म्हणाल्या. "म्हणजे झालं."

बाईनं पेटी उघडली. काका म्हणाले, थांबा, मी खाली जाऊन ऐकतो, म्हणजे कुठपर्यंत जातं ते नक्की कळेल. ते पायऱ्या उतरत असतानाच वर सूर लागला, लांब, भरघोस, खोलीच्या मापापेक्षा मोठा. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी कारखान्याचं दार ढकललं आणि मास्तरला विचारलं, "त्रास होतो का?"

"काय?" मास्तर यंत्र न थांबवता ओरडला. "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

काका रस्त्यावर पोचले. तिथे मात्र ऐकू येत होतं. डेपोच्या फाटकातल्या एका ड्रायव्हरनं वर बघितलं आणि दोनदा हॉर्न दिला. काका त्याच्याशी बोलून धापा टाकत परत वर आले.

"खाली येतं ऐकू," त्यांनी प्रामाणिकपणे अहवाल दिला. "एका ड्रायव्हरनं हॉर्न दिला."

बाईचा चेहरा उतरला. "तक्रार केली?"

"नाही. त्याला वाटलं, कुणीतरी गाडी मागे घ्यायला सांगतंय."

काकू पोट धरून हसल्या. बाईनं पेटी मिटली, खिडकीशी गेली, पुन्हा घरभर फिरली, भिंतींना हात लावत. किमतीचं बोलणं काकूंनी केलं, सरळ आणि थोडक्यात. बाईनं होकारार्थी मान हलवली. सगळं जुळत आलं होतं, सात दिवसांतले सहा अजून शिल्लक होते, आणि नेमकं तेव्हाच काका घसा खाकरून म्हणाले, "एक राहिलंच. जिना."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

"चढले की मी," बाई म्हणाली. "फुंकणाऱ्या माणसाला दम चांगला लागतो. जिना चढलेला बराच."

"आज चढलात," काका म्हणाले. "ही पण चढायची. दोन-दोन पायऱ्या एका वेळी. मला मागे टाकून. आज आठ महिने झाले, ही स्वतःच्या पायांनी खाली उतरलेली नाही. तुम्ही तीस वर्षांनी काय कराल? मी सांगितलं नाही असं व्हायला नको."

 बाईनं काकूंकडे पाहिलं, मग त्यांच्या काठीकडे. काकू तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचा हात काठीवर इतका घट्ट होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. हातातोंडाशी आलेला घास नवऱ्यानं स्वतःच्या हातानं काढून घेतला होता, आणि त्यांना हेही ठाऊक होतं की तो असंच करणार होता.

"काका," बाई शेवटी म्हणाली, "मला एका घरात तीस वर्षं कुणी राहू दिलं, तर पुढचं मी बघून घेईन."

तिनं त्याच बैठकीत अनामत रकमेचा चेक लिहिला. बँकेकडून कर्जाचं पत्र तिनं आधीच आणून ठेवलेलं होतं.

ती गेल्यावर काकूंनी चेक वहीत घालून ठेवला. मग काकू म्हणाल्या, "मला वाटलं, गेलं."

"मलाही वाटलं."

"मग कशाला बोललात?"

"तुझ्याकडे बघून बोललो," काका म्हणाले. "उद्या तिचे गुडघे असे झाले, आणि ती नळ सोडून बसली, तर?"

नळाचं काकांना ठाऊक आहे, हे काकूंना आत्ता कळलं. त्या एरवी काहीतरी टोमणा मारून मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी नुसता हात पुढे करून काकांच्या सदऱ्याची मुडपलेली कॉलर सरळ केली.

अठ्ठावीस तारखेला कराराचा कागद झाला. वकीलबाई स्वतः वर आल्या, कारण काकू खाली जाऊ शकत नव्हत्या. शाळेत असताना या वकीलबाईंना काकूंनी उशिरा आल्याबद्दल मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या होत्या. त्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा लाल झाल्या होत्या आणि दारातच म्हणाल्या, "बाई, वेळेवर आलेय."

"व्यायाम सोडलेला दिसतोय," काकू म्हणाल्या.

सही करताना काकांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलं आणि एका जागी 'उत्तम स्थितीतील सदनिका' असं लिहिलं होतं, तिथे 'उत्तम' खोडायला लावलं. ट्रम्पेटवाल्या बाईची काही हरकत नव्हती. मावसबहिणीला फोन गेला. ती म्हणाली, "मी म्हटलंच होतं, होईल." तिनं असं काहीही म्हटलं नव्हतं, पण त्या दिवशी सगळं माफ होतं.

पुढचा दीड महिना कागदपत्रं, नोंदणी आणि खोकी भरण्यात गेला. निघायच्या दिवशी तेच दोन हमाल आले. काकू खुर्चीवर बसल्या आणि आपणहून म्हणाल्या, "सावकाश. फ्रिज नंतर न्यायचाय." मागच्या वेळी बोललेला हमाल इतका लाजला की दुसऱ्या वळणापर्यंत त्यानं मान वर केली नाही. कारखान्यातली यंत्रं थोडा वेळ थांबली होती, मास्तर दारात उभा होता. खाली काकांनी रस्ता ओलांडताना एकदा वर, खिडकीकडे बघितलं.  एकतीस वर्षं रोज याच जिन्यानं ते घरी आले होते. पण टेम्पोत काकू ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या होत्या, काच खाली करून, आणि त्याला कुठून वळायचं ते सांगत होत्या. काकांना मागे सामानाबरोबर जागा मिळाली.

नव्या घरात पोचल्यावर काकांनी आधी घड्याळ लावायचं ठरवलं. भिंतीवर खिळ्याची जागा शोधली, स्टुलावर चढले, एका हातात हातोडी, तोंडात खिळा. बाहेर अंगणात फाटक वाजलं. त्यांना वाटलं हमाल असतील. मग लक्षात आलं की हमाल तर आत, कपाट लावताहेत.

ते स्टुलावरून उतरून बाहेर आले. फाटक उघडं होतं. काकू रस्त्यावर बरंच अंतर गेल्या होत्या, पायात पांढरे बूट, काठी पुढे, पाय मागून, पूर्वीच्या वेगानं नाही, पण थांबतही नव्हत्या. खोक्यांच्या ढिगाऱ्यातून ते बूट त्यांनी केव्हा शोधून काढले, देव जाणे. उंबरा ओलांडायला त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती. कुणाचा हात मागितला नव्हता.

"अगं," काकांनी तोंडातला खिळा काढून हाक मारली, "कुठे निघालीस?"

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. "माहीत नाही," त्या चालता चालता म्हणाल्या. "जाऊन बघते."

काकांनी त्यांना रस्ता सांगितला नाही. तलाव किती लांब, बाकं कुठे, तेही नाही. त्या झाडांपाशी वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. परत कधी येणार ते काकांना ठाऊक नव्हतं, आणि एवढ्या महिन्यांत त्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. ते हातात खिळा घेऊन फाटकाशी उभे राहिले.